बोटीला दोन सायलेन्सर कशाला?



या वेळच्या टपालात एक जाडजूड पाकीट आलं. उघडून बघते तर आत पत्र आणि सोबत दोन फोटो! पत्र आहे सांगली जिल्ह्यातल्या, आठवीत शिकणाऱ्या आपल्या एका वाचकमित्राचं. तो लिहितो:

"बाई, माझा मामा अमेरिकेत मिशिगनला असतो. त्यानं एक जुनी स्की बोट विकत घेतली आहे. तिला मागं एकच सायलेन्सर आहे. हिवाळ्यात तो काढून मामा दोन बसवणार आहे. मी विचारलं, कशाला? तर म्हणतो, 'अरे, आवाज भारी येतो!' बाई, नुसत्या आवाजासाठी एवढा खर्च करायचा का? आणि बोट पाण्यात असते, मग सायलेन्सरातून पाणी आत शिरत नाही का? उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिकडं जाणार आहे. मामा म्हणालाय, तुला बोटीच्या मागच्या फळीवर बसवून सगळं तळं फिरवतो."

किती छान प्रश्न! पण ते शेवटचं वाक्य वाचलं आणि मी दचकले. का दचकले, ते शेवटी सांगते. तोवर मधली पानं गाळून पुढे पळायचं नाही हं!

तुम्ही म्हणाल, प्राथमिक शाळेतल्या बाईंना इंजिनातलं काय कळतं? अहो, माझे वडील ट्रॅक्टर दुरुस्त करायचे. शाळा सुटली की मी त्यांच्या गॅरेजात ऑइलच्या रिकाम्या डब्यावर बसून गृहपाठ करायची. वडील म्हणायचे, "इंजिनात काय घातलं ते सगळेच बघतात. बाहेर काय पडतंय ते बघतो, तो खरा मिस्त्री!" आज आपण तेच बघायचं आहे.

फळ्या उकळणारा मुलगा

आधी स्की बोट म्हणजे काय? बर्फावरून घसरत जायच्या लांब फळ्या असतात, त्यांना स्की म्हणतात. तसंच पाण्यावरून घसरायचं. पण बर्फाच्या डोंगराला उतार असतो, तळ्याला कुठला उतार? म्हणून दोरी धरून मोटरबोटीच्या मागे घसरायचं.

ही कल्पना पहिल्यांदा यशस्वी केली ती राल्फ सॅम्युएलसन नावाच्या मुलानं. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात, मिसिसिपी नदीच्या रुंद पात्रात पेपिन नावाचं सरोवर आहे. १९२२ सालच्या उन्हाळ्यात राल्फनं तिथे प्रयोग सुरू केले. आधी पिंपाच्या वाकड्या फळ्या पायांना बांधल्या. बुडाला! मग बर्फावरच्या स्की बांधल्या. तरी बुडाला! शेवटी आठ फूट लांब आणि नऊ इंच रुंद अशा दोन फळ्या आणल्या, त्यांची टोकं आईच्या तांब्याच्या मोठ्या भांड्यात उकळून मऊ केली आणि वर वाकवली. भाऊ बोट चालवायचा, हा मागे दोरीला लटकायचा. बरेच दिवस नाकातोंडात पाणी गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की मागे रेलून फळ्यांची टोकं पाण्याच्या वर ठेवायला हवीत. २ जुलै १९२२ रोजी तो पाण्यावर उभा राहिला. दुसऱ्याच दिवशी त्याला एकोणीस वर्षं पूर्ण होणार होती. वाढदिवसाची याहून चांगली भेट कोणती?

आता या खेळाच्या मोठ्या स्पर्धा होतात. पुरुषांच्या स्लॅलम प्रकारात बोटीचा वेग ताशी ५८ किलोमीटरपर्यंत असतो. माणसाला ओढत इतक्या वेगानं सरळ रेषेत पळायचं, आणि तेही मागे मोठ्या लाटा न उठवता, म्हणजे बोट खासच हवी. म्हणून स्की बोट ठेंगणी, चपट्या तळाची असते. अनेक स्की बोटींत इंजिन शेपटीला न लावता बरोबर मध्ये एका पेटीखाली बसवलेलं असतं. ते इंजिनही साधंसुधं नव्हे. बहुतेक वेळा आठ सिलिंडरांचं, मोटारगाडीच्या इंजिनापासून तयार केलेलं.

इंजिनाचा श्वास

आठ सिलिंडर एका रांगेत ठेवले तर इंजिन फार लांब होतं. म्हणून चार उजवीकडे आणि चार डावीकडे, बेचकीच्या दोन फाट्यांसारखे तिरपे बसवतात. इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा आकार होतो, म्हणून त्याला व्ही-आठ इंजिन म्हणतात.

प्रत्येक सिलिंडरात एक दट्ट्या वरखाली होतो. पेट्रोल आणि हवा आत घ्यायची, दाबायची, ठिणगी टाकून पेटवायची आणि जळलेला वायू बाहेर ढकलायचा. झाली चार कामं! आपणही श्वास आत घेतो आणि बाहेर सोडतोच की. आता एक गंमत करा. छाती भरून श्वास घ्या आणि सरबताच्या एका नळीतून सगळा सोडून बघा. गाल फुगतात, वेळ लागतो, हो ना? आता दोन नळ्या तोंडात धरून सोडा. झटकन मोकळं वाटतं. बाहेर जायची वाट अरुंद असली तर इंजिनालाही असंच गाल फुगवावे लागतात. धूर ढकलण्यात त्याची थोडी ताकद वाया जाते, आणि थोडा जळका वायू आतच राहून ताज्या हवेची जागा अडवतो.

किती वायू बाहेर पडत असेल? हिशेब करू या. अशा बोटींत फोर्ड कंपनीचं '३५१' हे इंजिन फार चालायचं. ३५१ घन इंच, म्हणजे आठ सिलिंडरांचं मिळून माप सुमारे ५.८ लिटर. दट्ट्यांचा दांडा दोनदा फिरला की आठही सिलिंडर एकेकदा भरतात आणि रिकामे होतात. दांडा मिनिटाला ३,००० फेरे घेतोय असं समजा. म्हणजे १,५०० वेळा ५.८ लिटर. गुणाकार करा पाहू! ८,७०० लिटर. सिलिंडर पुरते भरत असतील तर एका मिनिटात २०० लिटरची ४३ पिंपं हवा आत जाते. बाहेर पडताना ती तापून फुगलेली असते, त्यामुळे तिला जागा आणखी जास्त लागते. आणि हे सगळं एकेका फुंकरीनं! मिनिटाला १२,००० फुंकरी, म्हणजे सेकंदाला २००.

या फुंकरी बाहेर काढायला इंजिनाच्या दोन्ही बाजूंना एकेक लोखंडी पन्हळ असते. तिला मॅनिफोल्ड म्हणतात. म्हणजे बघा, व्ही-आठ इंजिनाला मुळातच दोन नाकपुड्या असतात! मामाच्या बोटीत त्या दोन्हींचे पाइप मागे नेऊन एकाच सायलेन्सरात सोडले आहेत. मामाला एवढंच करायचं आहे की दोन्ही वाटा शेवटपर्यंत वेगळ्या ठेवायच्या.

(जुन्या येझदी मोटारसायकलची गंमत आई-बाबांना विचारा. तिचा सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन! तिथे एका नाकपुडीच्या दोन केल्या होत्या.)

टाळ्या वाजवा, आवाज ओळखा

आता 'भारी आवाज' येतो कुठून? त्यासाठी वर्गात एक खेळ खेळा. माझ्या वर्गात आम्ही परवाच खेळलो.

अर्धी मुलं उजवीकडे उभी करा, अर्धी डावीकडे. बाईंनी एक ते आठ सारख्या लयीत मोजायचं. उजव्या गटानं एक, दोन, चार आणि सात या आकड्यांना टाळी द्यायची. डाव्या गटानं तीन, पाच, सहा आणि आठला. म्हणजे क्रम होईल: उजवा, उजवा, डावा, उजवा, डावा, डावा, उजवा, डावा. त्या फोर्ड ३५१ इंजिनाच्या दोन बाजूंचे सिलिंडर नेहमीच्या घडणीत याच क्रमानं पेटतात.

दोन्ही गट मिळून वाजवतात तेव्हा आठ टाळ्या सारख्या अंतरानं ऐकू येतात. टप टप टप टप, एकदम शिस्तीत. हा झाला एका सायलेन्सरचा आवाज. आता डाव्या गटाला खुणेनंच वाजवू द्या, आवाज न करता, आणि फक्त उजवा गट ऐका. दोन टाळ्या लगोलग, मग थोडी फट, मग एक टाळी, मग मोठी फट, मग पुन्हा एक. लय अडखळते. दोन सायलेन्सर वेगळे केले की प्रत्येकातून हीच अडखळती लय बाहेर पडते. तिचीच ती खोल गुडगुड होते आणि मामाला ती भारी वाटते. इंजिन तेच, ठिणग्या त्याच, फक्त कुठल्या नाकपुडीतून किती टाळ्या येतात ते बदललं.

आमच्या वर्गात खेळ झाल्यावर मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, "बाई, मग ताकद वाढते की नाही?" खरं सांगायचं तर, आधीचा पाइप अरुंद असेल तर वाढते. पुरेसा रुंद असेल तर फारसा फरक पडत नाही. म्हणून आधी पाइप मोजावा. समजा, मामाच्या बोटीचा एकुलता पाइप ४ इंच व्यासाचा आहे आणि तो त्याजागी ३ इंचाचे दोन बसवणार आहे. कुठली वाट मोठी? गोल पाइपचं तोंड व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. चार चोक सोळा. तीन त्रिक नऊ आणि नऊ दुणे अठरा. सोळाचे अठरा झाले, म्हणजे आठवा हिस्साच वाट वाढली! "दोन म्हणजे दुप्पट" असं म्हणणाऱ्याला हा हिशेब जरूर दाखवा.

पाणी आत येतं, पण मुद्दाम!

आता दुसरा प्रश्न: सायलेन्सरात पाणी शिरत नाही का? गंमत ऐका. या बोटींच्या सायलेन्सरात पाणी मुद्दामच सोडलेलं असतं!

इंजिनातून निघणारा वायू ४००-५०० अंश सेल्सिअस किंवा त्याहूनही तापलेला असतो. मोटारीला खालून वारा लागतो. बोटीत मात्र इंजिन पेटीत बंद आणि शेजारीच पेट्रोलची टाकी. तिथून तापलेला पाइप नेणं म्हणजे गवताच्या गंजीशेजारी चूल मांडणं. म्हणून एक पंप तळ्याचं पाणी ओढून घेतो. ते पाणी इंजिन थंड करतं, मॅनिफोल्डच्या दुहेरी भिंतीतून फिरतं, आणि पुढच्या वाकड्या नळीत थेट धुरात मिसळतं. धूर एका क्षणात इतका निवतो की पुढे रबराचा होज पाइप लावला तरी चालतो. आवाजही पाण्यात जिरतो. अशी बोट सुरू झाली की मागून धूर आणि पाणी मिळून गुळण्या केल्यासारखं बाहेर पडतं.

पण हेच पाणी उलटं फिरून इंजिनात गेलं तर? हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. इंजेक्शनच्या रिकाम्या सिरिंजमध्ये हवा भरून, तोंडावर बोट ठेवून दट्ट्या दाबून बघा, थोडा आत जातो. मग पाणी भरून दाबा, जागचा हलत नाही. (सिरिंज नवी, कोरी आणि सुई नसलेली हवी, बरं का!) सिलिंडरात पाणी भरलं आणि दट्ट्या वर आला की पोलादी दांडासुद्धा वाकतो. इंजिन गेलंच समजा.

म्हणून मामाचं खरं काम आवाजाचं नाही, उताराचं आहे. ते तो कसं करील ते बघू.

मिशिगनमध्ये हिवाळ्यात तळी गोठतात. पाण्याचं बर्फ झालं की ते फुगतं आणि इंजिनात अडकलेलं पाणी लोखंडाला तडा देऊ शकतं. म्हणून बोट बाहेर काढून इंजिनातलं पाणी आधी सोडून देतात. मग तीन-चार महिने दुरुस्तीला मोकळे.

जुना सायलेन्सर आणि दोन पाइप जुळवणारा भाग काढायचा. आता दोन सायलेन्सर ठेवायचे, पण जागा कुठे? बोटीच्या मागच्या भागात सुकाणूचा दांडा असतो आणि तो डावीउजवीकडे फिरतो. त्याला धक्का न लावता एक पाइप या बाजूनं, दुसरा त्या बाजूनं न्यायचा. मग बोटीच्या मागच्या भिंतीला नवी भोकं पाडायची. इथे घाई नको. शिंपी कापडाला कात्री लावण्याआधी जसा टेप लावतो, तसं पुन्हा पुन्हा मोजायचं. भोक पाण्याच्या पातळीच्या वर हवं, आणि दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर. जुन्या बोटींच्या फायबरच्या भिंतीत पुष्कळदा लाकडाची फळी असते. भोकाच्या कडेनं तिला पाणी लागलं तर ती आतल्या आत कुजते. म्हणून कापलेली कड इपॉक्सीनं पुरती बंद करायची.

होज पाइप साधा बागेचा चालत नाही. बोटीच्या धुरासाठीच केलेला, आत तारेची गुंडाळी असलेला जाड पाइप लागतो. इंजिनापासून बाहेरच्या तोंडापर्यंत त्याला सतत उतार हवा. फुटाला निदान अर्धा इंच उतार धरण्याची पद्धत आहे. मध्येच पाइप झोळीसारखा लोंबला की तिथे पाणी साचतं. प्रत्येक टोकाला एक नव्हे, दोन दोन होज क्लिपा. एक सुटली तरी दुसरी धरून ठेवते. बाहेरच्या तोंडावर रबराची झडप. बोट एकदम थांबली की मागची लाट धावत येऊन पाठीवर आदळते, तेव्हा ही झडप मिटते आणि लाट पाइपात चढत नाही.

आणि आवाज? तो कितीही भारी असला तरी तळ्याकाठी राहणाऱ्यांचे कान मामाचे नाहीत! कॅलिफोर्निया राज्यात तर काठावर मोजलेला बोटीचा आवाज ७५ डेसिबलच्या वर जाता कामा नये, असा नियम आहे. म्हणून दोन पाइप केले तरी दोन्हींना सायलेन्सर हवेच.

जो दिसत नाही, त्याची गोष्ट

आता मी का दचकले ते सांगते.

पाण्यानं धुराची उष्णता घेतली, आवाज घेतला. पण धुरात एक असा वायू असतो, जो पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. त्याचं नाव कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, ठसका लागत नाही. पेट्रोल पुरतं जळलं नाही की तो तयार होतो.

तो करतो काय? आपल्या रक्तात हिमोग्लोबिन असतं. ते म्हणजे प्राणवायूची एसटी समजा. फुप्फुसाच्या स्टँडवर प्राणवायू चढतो आणि अंगभर उतरतो. पण हा लबाड वायू आधीच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो! प्राणवायूपेक्षा तो हिमोग्लोबिनला दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. एकदा बसला की लवकर उठत नाही. एसटी भरलेली, पण प्राणवायू मात्र स्टँडवरच उभा. मग डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, गुंगी येते. बोटीवर लोकांना वाटतं, ऊन लागलं असेल किंवा बोट लागली असेल.

आणि हा वायू सगळ्यात दाट कुठे असतो? जिथे पाइपाचं तोंड असतं तिथे, म्हणजे बोटीच्या मागे, त्या फळीच्या आजूबाजूला. बोट वेगात गेली तर वारा त्याला उडवून नेईल, असं वाटतं ना? मातीच्या रस्त्यावरून धावणारी एसटी आठवा. धूळ उडते चाकांपाशी, पण बसते मागच्या काचेवर. गाडी पुढे गेली की तिच्या पाठीमागे पोकळीसारखं होतं आणि हवा गरकन वळून तिथे येते. बोटीच्या मागेही तसंच होतं.

ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेतल्या लेक पॉवेल या मोठ्या जलाशयात दोन भाऊ पोहत होते. एक ८ वर्षांचा, दुसरा ११ वर्षांचा. ते एका हाऊसबोटीच्या मागच्या फळीखालच्या पोकळीत शिरले. बोटीवरच्या जनरेटरचा धूर तिथेच सोडलेला होता. दोघंही परत वर आले नाहीत. त्यानंतर तिथल्या कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेनं, निऑशनं, उपकरणं घेऊन मोजणी केली. फळीखाली हा वायू जीवघेण्या प्रमाणात साठतो, हे दिसून आलं. मग जनरेटरचा धूर मागे न सोडता उंच नळीनं वर सोडावा, असं सुचवलं गेलं. कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २००५ पासून कायदाच झाला. इंजिन सुरू असताना मागची फळी धरून लोंबकळायचं नाही, तिच्यावर बसून फिरायचं नाही, आणि बोटीच्या अगदी मागे लाटेवर तरंगायचंही नाही.

हे सगळं मी तुम्हांला शहाणपणानं सांगते आहे, असं समजू नका. मी स्वतः ही चूक केली आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. ऐन वेळी वीज गेली. भाड्यानं पेट्रोलचा जनरेटर आणला. तो रंगमंचाजवळ ठेवला तर निवेदन ऐकू येईना. मीच म्हटलं, "तो मागच्या बोळात न्या, आवाज नको." बोळाच्या बाजूला ज्या खोलीची खिडकी होती, तिथे कोळीनृत्याच्या मुली नटून बसल्या होत्या. दार लावलेलं होतं, कारण बाहेरची मुलं डोकावत होती. अर्ध्या तासानं एक मुलगी म्हणाली, "बाई, डोकं दुखतंय." मी म्हटलं, "जागरण झालंय, पाणी पी." दुसरीला उलटी झाली. मला वाटलं, दुपारचा चिवडा बाधला. शेवटी शिपाईमामा आत आले. त्यांनी एका क्षणात खिडकीबाहेरचा जनरेटर बंद केला, दार सताड उघडलं आणि एकेकीला उचलून मैदानात नेऊन बसवलं. दोघींना डॉक्टरांकडे न्यावं लागलं. सगळ्या बऱ्या झाल्या. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. वडिलांच्या गॅरेजात वाढलेली मी! आवाज कुठे जातोय हे पाहिलं आणि धूर कुठे जातोय हे पाहिलं नाही.

मामाला काय लिहायचं?

तर सांगलीच्या माझ्या मित्रा, तुझ्या मामाचा बेत काही वाईट नाही. दोन सायलेन्सर जरूर बसवू देत. पण पत्रात त्याला एवढं लिही.

पहिलं, दोन पाइप झाले म्हणजे धूर आता फळीच्या दोन्ही बाजूंनी येणार. काही लोक पाइपाची तोंडं खाली वळवून धूर पाण्यात, पंख्याच्या झोतात सोडतात. मग तो बोटीपासून दूर जाऊन वर येतो. तसं करता येईल का, ते कुणा जाणकाराला विचारावं.

दुसरं, बोटीत कार्बन मोनॉक्साइड ओळखून कर्कश वाजणारं उपकरण बसवावं. आपल्या नाकाला जे कळत नाही, ते त्याला कळतं.

तिसरं, काम झाल्यावर किनाऱ्यालाच बोट सुरू करून बघावी. दोन्ही पाइपांतून सारखं पाणी पडतंय ना? एका बाजूला पाणी कमी आलं, तर तिकडचा रबरी पाइप जळेल.

आणि चौथं तुझ्यासाठी. फळीवर बसायचं ते इंजिन बंद असताना. पाय पाण्यात सोड, मजा कर. पण किल्ली फिरवायच्या आधी उठून आत, बोटीच्या पुढच्या बाजूला. लाइफ जॅकेट अंगात हवंच. मामा "काही होत नाही रे" म्हणाला, तर त्याला आमच्या कोळीनृत्याची गोष्ट सांग. मामा मोठा असला तरी सांग. आमच्या शिपाईमामांनी मला सांगितलंच होतं की!

बाकीच्यांनी "आमच्याकडे कुठे स्की बोट?" असं म्हणून पान उलटू नका. आपल्या घरी, गल्लीत, मंडपात जनरेटर येतो. बंद गॅरेजात गाडी सुरू ठेवून कुणी वाट बघत बसतं. थंडीत कोळशाची शेगडी खोलीत घेऊन दारं-खिडक्या लावून झोपतात. हा वायू तिथेही तोच. इंजिन किंवा शेगडी दिसली की विचारायचं, "याचा धूर जातोय कुठे?" डोकं दुखायला लागलं तर आधी उघड्यावर जायचं आणि मोठ्यांना हाका मारायच्या.

या आठवड्याचा गृहपाठ

१) एका बोटीला ३ इंच व्यासाचा एक पाइप आहे. तो काढून २ इंचाचे दोन बसवले. वाट वाढली की कमी झाली? करून बघा, मग आई-बाबांना विचारा. बघू कोण चुकतं!

२) तुमच्या घराजवळ जनरेटर, पाण्याचा डिझेल पंप किंवा पिठाची इंजिनावरची गिरणी असेल, तर मोठ्या माणसाला बरोबर घेऊन लांबूनच बघा. धूर कुठे सोडलाय? जवळ कुणाची खिडकी आहे का? असेल तर काय बदलता येईल, ते चित्र काढून मला पाठवा. चांगली चित्रं याच पानावर छापू.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या अंकात. आणि हो, टाळ्यांचा खेळ खेळताना शेजारच्या वर्गातल्या बाई रागावल्या, तर माझं नाव सांगू नका हं!

तुमच्या
बाई